लपायचे डोंगर

पुणे-साताऱ्याकडच्या माणसाला डोंगर दिसला की तो आधी तटबंदी शोधतो. बुरूज कुठे, दरवाजा कुठे, वेढा कुणी घातला, किती महिने लढवला. मीही त्याच वळणाची. कॉलेजात असल्यापासून वर चढायचे ते काहीतरी जिंकल्याच्या आवेशात, आणि माथ्यावर पोचल्यावर घसा बसेपर्यंत ओरडायचे, ही आमची रीत. डहाणू-तलासरीच्या डोंगरांत ही सवय निरुपयोगी ठरते. किल्ले इथेही आहेत. गंभीरगड आहे, जरा दक्षिणेला अशेरी आहे. पण इथली माणसे ज्या डोंगरांबद्दल आपणहून बोलतात, तिथे कुणी लढलेले नसते. तिथे कुणीतरी येऊन लपलेले असते.

बोर्डीच्या किनाऱ्यावरून बारडाचा डोंगर पूर्वेला आडवा पसरलेला दिसतो. उंची जेमतेम दीड हजार फूट. आमच्याकडे अशाला कुणी विचारणार नाही. पण इथे पायथा जवळजवळ समुद्राच्या पातळीवरच, त्यामुळे डोंगर आपली सगळी उंची दाखवतो. सकाळी ओहोटी होती. बोर्डीचा समुद्र ओहोटीला इतका मागे जातो की पाणी बघायला निघालेला माणूस कंटाळून सुरूच्या सावलीत परत येतो. उरलेल्या चिखलात दोघी बायका वाकून काहीतरी वेचत होत्या. ज्यांच्या घरी उतरले होते त्या वाडवळ काकूंनी तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या बोंबलांची चटणी आणि पिशवीभर चिकू बांधून दिले. मी नको-नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, "वर काय हाटेल आहे?"

घोलवड-बोर्डीचा हा पट्टा म्हणजे चिकूची वाडी संपली की दुसऱ्या चिकूची वाडी. इथल्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. झाडे गडद, गोल, शिस्तीत उभी. मधूनमधून इराणी आणि पारशी कुटुंबांचे जुने बंगले, रुंद व्हरांड्यांचे. रस्त्यावरची माणसे एका वाक्यात मराठी आणि गुजराती दोन्ही वापरतात आणि आपण भाषा बदलली हे त्यांच्या गावीही नसते. आमच्याकडे रस्ता विचारला की समोरचा आधी आपण चुकीच्या बाजूने आलो कसे ते समजावून सांगतो. इथे माणूस नुसता हात करतो, आणि आपण बरोबर वळलो का ते बघत उभा राहतो.

असवलीच्या धरणापाशी वाट दाखवायला एक वारली मुलगा बरोबर आला. कॉलेजात शिकणारा, सुट्टीत गवत कापायला जाणारा. धरणाची भिंत ओलांडली की वाड्यांचे कुंपण सुटते आणि गवत सुरू होते. ऑक्टोबर सरत आला होता. खाली भाताची कापणी निम्मी झालेली, आणि डोंगराच्या उतारांवर गवत छातीला लागेल इतके वाढून वाळू लागलेले. झाडे विरळ. साग, ऐन, खैर, मधूनच एखादा मोह. ओढ्याच्या कडेला शिंदी. बाकी सगळा उतार गवताचाच. वारा आला की अख्खा डोंगर एका बाजूला कलतो.

पायथ्याशी वाघोबा होता. उभा दगड, त्यावर कोरलेला वाघ आणि वर चंद्र-सूर्य. शेंदूर ताजा. वाघबारस नुकतीच होऊन गेली होती. नारळाच्या करवंट्या अजून आजूबाजूला पडल्या होत्या. मुलाने चपला काढल्या नाहीत, घंटा नव्हतीच, मंत्रबिंत काही नाही. वाटेतल्या ओळखीच्या म्हाताऱ्याकडे पाहून मान हलवावी तशी मान हलवली आणि पुढे निघाला.

"बिबट्या दिसतो का इथे?"

"दिसतो ना. त्याचा पण डोंगर हाय."

मग बराच वेळ तो काही बोलला नाही. वारली माणसाबरोबर चालताना ही एक गोष्ट अंगवळणी पाडून घ्यावी लागते. गप्प राहणे म्हणजे काही बिनसले आहे, असे ते मानत नाहीत. आपल्याला मात्र बोलण्यात खंड पडला की चुकल्यासारखे वाटते आणि आपण काहीबाही विचारत सुटतो. कुठले गाव, किती भावंडे, पुढे काय करणार. त्याने प्रत्येक प्रश्नाचे नेमके उत्तर दिले. मला मात्र एकही प्रश्न विचारला नाही. पहिल्या टेपाला मला हे तुटकपणाचे वाटले. दुसऱ्या टेपाला दम लागला, आणि त्याच्या वागण्याची सोय कळली.

या गवताला इतिहास आहे. हे नुसते डोंगरावर आपोआप उगवलेले रान नव्हे. मुंबईच्या तबेल्यांना लागणारा चारा इथून जायचा. गवताचे मालक जमीनदार आणि व्यापारी, कापणारे वारली. 23 मे 1945 रोजी इथून उत्तरेला झरी गावात वारल्यांची मोठी परिषद झाली. शामराव आणि गोदावरी परुळेकर तेव्हा किसान सभेचे काम करत होते. वेठ बंद, लग्नगडी बंद, असे तिथे ठरले. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकाराच्या दारात आयुष्यभर राबायची, त्यांना लग्नगडी म्हणत. पावसाळा संपता संपता गवत तयार झाले आणि वारल्यांनी पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मजुरी मागून विळे खाली ठेवले. मालकांना घाई होती, कारण गवत थांबत नाही. 10 ऑक्टोबरला तलवाड्यात, गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे अशी अफवा ऐकून हजारोंचा जमाव गोळा झाला, आणि पोलिसांनी त्यावर गोळीबार केला. पाच जण गेले. त्यांतल्या जेठ्या गांगडचे नाव इथे अजून घेतले जाते, आणि दर 10 ऑक्टोबरला तलासरी भागात लाल बावट्याची सभा भरते. गोदावरीबाईंनी पुढे हे सगळे ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिले, 1972 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते पुस्तक मी शहरात, पंख्याखाली बसून वाचले होते. पाचशे पौंड गवत म्हणजे किती, हे मात्र त्या उतारावर उभे राहिल्यावर कळले. मी मुलाला विचारले, दिवसभरात एक माणूस किती कापतो? त्याने समोरच्या सोंडेकडे बोट दाखवले, मग बोट थोडे मागे घेतले. "एवढा. पाऊस नसला तर."

शेवटचा चढ कातळाचा. पायाखाली मुरूम निसटतो, हाताला कारवीच्या काड्या लागतात. आणि मग बहरोटच्या गुहा.

बाहेरून पाहिले तर काळ्या कातळातली तोंडे, इतकेच. वेरूळ-कार्ल्याच्या अपेक्षेने येणाऱ्याने येऊ नये. नक्षी नाही, मूर्ती नाहीत. आत गार, ओलसर, पाकोळ्यांचा वास. पण पारशी समाजाच्या दृष्टीने ही जागा मोठी. उत्तरेला जे सपाट मैदान दिसते, राज्याची हद्द ओलांडून, तिथे संजाण. इराणातून आलेल्या पारशांनी तिथे आपला पवित्र अग्नी, इराणशाह, स्थापन केला होता. पुढे सुलतानाच्या फौजेने संजाण उद्ध्वस्त केले. कुणी ते साल 1393 मानतात, कुणी सत्तरएक वर्षे पुढे आणतात. तेव्हा धर्मगुरू अग्नी घेऊन निघाले आणि या डोंगरावर येऊन राहिले. 1599 मध्ये नवसारीच्या बहमन कैकोबाद यांनी फारसी काव्यात ही हकीकत लिहून ठेवली, ‘किस्सा-ए-संजाण’. त्यात मुक्काम बारा वर्षांचा सांगितला आहे. इथून अग्नी वांसद्याला गेला, मग नवसारी, मग सुरत, असा फिरत फिरत 1742 साली उदवाड्याला पोचला. तो अजून तिथे तेवतो आहे. पारशी मंडळी अजूनही धाप टाकत इथवर येतात आणि प्रार्थना करून जातात.

गुहेच्या तोंडाशी बसून भाकरी सोडली. चटणीने नाकाडोळ्यांतून पाणी काढले. मुलाने आपल्या पिशवीतून नागलीची भाकर काढली, अर्धी मोडून न बोलता माझ्या पुढ्यात ठेवली. मी बोंबलाची चटणी त्याच्याकडे सरकवली. खाता खाता माझ्या मनात एक विचार आला, आणि तो मग उतरेपर्यंत गेला नाही.

अग्नी बारा वर्षे ठेवायचा म्हणजे बारा वर्षे लाकूड लागणार. रोज, पावसाळ्यातसुद्धा, आणि इथला पावसाळा काही दयाळू नाही. धान्य लागणार, तेल लागणार, कपडे लागणार. बरे, हे सगळे एक वेळ रात्रीच्या अंधारात आणता येईल. धुराचे काय? गुहेतून निघणारा धूर या बोडक्या डोंगरावरून दहा मैलांवरून दिसावा. म्हणजे खालच्या पाड्यांत राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असणार की वर कुणीतरी आहे. ज्यांना शोधायला फौज फिरते आहे, ते वर आहेत. आणि बारा वर्षांत हा धूर कुणी खाली जाऊन दाखवून दिला नाही.

मी मुलाला म्हटले, "तुमच्या लोकांना माहीत असणार ना?"

तो हसला. "डोंगरावर कोण आला त्या आमाला कळत नाय का, ताई? तुमी धरणावर उतरला तवाच पाड्यात कळला."

"मग त्या वेळी कुणी सांगितलं कसं नाही?"

"कोणी विचारला नसल."

तो विनोद करत होता की खरेच सांगत होता, मला ओळखता आले नाही. पण मला ते उत्तर पटले. प्रश्न न विचारणारी आणि न विचारलेले न सांगणारी माणसे शेजारी असणे ही लपून राहणाऱ्याला केवढी मोठी तटबंदी! गेल्या शतकातही चळवळीतल्या भूमिगत कार्यकर्त्यांना याच पट्ट्यातल्या पाड्यांनी आणि जंगलांनी सांभाळले, असे इथले जुने लोक सांगतात.

माथ्यावर मात्र नजर कुठे ठेवावी हा प्रश्न पडतो. पश्चिमेला वाड्यांचा गडद पट्टा, त्यापलीकडे वाळूची फिकट रेघ, मग समुद्र. तो आकाशात कुठे मिसळतो ते कळत नाही. नैर्ऋत्येला डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राची चिमणी. 275 मीटर उंच. तिच्यापुढे खाडीकाठची घरे खेळण्यातली वाटतात. हे केंद्र आल्यामुळेच 1991 साली सगळा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला, आणि पुढे न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी प्राधिकरण नेमले गेले. त्याच किनाऱ्यावर वाढवणला आता भलेमोठे बंदर येते आहे. 2024 च्या ऑगस्टमध्ये त्याचे भूमिपूजन झाले. मासेमारी करणाऱ्यांचा विरोध चालूच आहे. नाजूक म्हणून जाहीर केलेल्या जागेवर सगळ्यांचा डोळा असतो, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

त्याच दिशेला अलीकडे कोसबाडची टेकडी. उंचीने अगदी नगण्य, पण मराठी शिक्षणाच्या नकाशावर तिच्याएवढी उंच टेकडी दुसरी नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्येच बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, 1957 साली ते कोसबाडला आले, आणि अनुताई वाघांनी आयुष्य तिथे घातले. मुले शाळेत का येत नाहीत याचे उत्तर त्यांना गवतातच सापडले: मुले गुरांमागे असतात. मग शाळाच कुरणात नेली. तिला नाव दिले कुरणशाळा. हातात पाटी घेऊन बाई गुरांच्या मागे चालल्या आहेत, हे चित्र मला इथल्या उतारावर अगदी स्वाभाविक वाटले. शहरातल्या चर्चासत्रात ते क्रांतिकारक वगैरे वाटते.

आग्नेयेला, धुरकट हवेत, एक सुळका आभाळात घुसलेला. मी बोट दाखवायच्या आत मुलाने हात जोडले. महालक्ष्मी. वाघोबाला त्याने नुसती मान हलवली होती. ही मात्र आई.

डहाणूच्या महालक्ष्मीची गोष्ट त्याने माथ्यावर सांगितली, आणि इतका वेळ गप्प असलेला मुलगा गोष्ट सांगताना निराळाच झाला. देवी कोल्हापुराहून इकडे आली. वाटेत वनवासातला भीम भेटला आणि तिच्यावर भाळून बसला. देवी म्हणाली, एका रात्रीत सूर्या नदीवर बांध घाल, मग लग्न. भीमच तो. दगडावर दगड रचत गेला. बांध पुरा व्हायला आला, देवीच्या पोटात गोळा. मग तिने कोंबड्याचा आवाज काढला. "कुक्कुचकू!" मुलाने तो आवाज इतका हुबेहूब काढला की खालच्या पाड्यातून खरेच कुठून तरी ओ आली. उजाडले असे वाटून भीम निघून गेला, आणि देवी डोंगराच्या पोटात जाऊन लपली. मुसळ्या डोंगर म्हणतात त्याला.

"म्हणजे तीही लपलीच," मी म्हटले.

"लपली. पण मग खाली आली." गोष्टीचा दुसरा भाग असा. एक गरोदर बाई देवीच्या दर्शनाला डोंगर चढत होती. अर्ध्यावर चक्कर येऊन पडली. देवीने सांगितले, तू वर येऊ नकोस, मीच खाली येते. म्हणून पायथ्याला विवळवेढ्यात देऊळ. चैत्री पौर्णिमेपासून तिथे पंधरा दिवस यात्रा भरते. पहिल्या रात्री वाघाडीचा पुजारी ध्वज घेऊन अंधारात सुळक्यावर चढतो. तो ध्वज जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून येतो. जिथे कुणी सहज पाय ठेवू शकणार नाही तिथे तो ध्वज फडकतो, आणि खाली जमलेले लोक मान उंचावून बघतात.

आमच्याकडच्या देवांचा हिशेब उलटा. जेवढ्या पायऱ्या जास्त, तेवढे पुण्य जास्त. गुडघे दुखणे हा नवसाचाच भाग. भक्ताला दम लागला म्हणून देवीने पत्ता बदलावा, हा समजूतदारपणा मला फार आवडला.

सूर्या नदीची गंमत अशी की देवीने भीमाला घालू न दिलेला बांध पुढे सरकारने घातला. धामणीचे धरण. पाणी डहाणू-पालघरच्या शेतीला मिळेल असे सांगितले होते. त्यातले पुष्कळसे आता वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी राखले आहे, आणि इथले शेतकरी त्याविरुद्ध मोर्चे काढतात. या वेळी कोंबड्याचा आवाज कुणी काढला नाही. मी हे बोलून दाखवले तेव्हा मुलगा हसला नाही. "आमच्या मामाची जमीन त्या कालव्यावर हाय," इतकेच म्हणाला.

उतरलो ते पूर्वेच्या अंगाने, तलासरीकडे. इकडचा उतार कोरडा, चिकूचा मागमूस नाही. समुद्राचा वारा डोंगराने अडवलेला. पाडे लांबलांब, कुडाच्या भिंती शेणाने सारवलेल्या, काहींवर कौले, बऱ्याच घरांवर पत्रे. खळ्यांवर भाताचे भारे येऊन पडत होते. दूर पुढे महामार्गावरचे ट्रक, आणि त्याच्याही पुढे बुलेट ट्रेनचे खांब, रांगेने उभे. मुलाच्या काकांचे घर वाटेत होते. काकींनी आधी पाणी दिले, मग कोरा चहा, भरपूर साखरेचा. इथेही कुणी मी कोण, कशाला आले, नवरा काय करतो, असले काही विचारले नाही. मी भिंतीला टेकून बसले आणि या वेळी मीही गप्प राहिले. बरे वाटले.

काका मग आपणहून भूकंपाचे बोलू लागले. 2018 च्या नोव्हेंबरात सुरू झालेले धक्के; धुंदलवाडीच्या आसपास जमीन कित्येक महिने हलत राहिली. भर थंडीत माणसे घराबाहेर, अंगणात, ताडपत्रीखाली झोपली. "लपायला घरात जावा तर घरच हालते," काका म्हणाले. "मग भायेर."

"डोंगरावर गेला नाहीत?"

"डोंगरच हालत होता ना." ते मोठ्याने हसले, काकीही हसल्या.

अंगणात गवताचे भारे रचून ठेवले होते. ते आता वखारीवर जायचे. मुंबईचे तबेले शहराबाहेर हलवावेत म्हणून सरकारने जवळच दापचरीला मोठा दुग्धप्रकल्प काढला होता. त्यासाठी जमिनी गेल्या, धरण झाले, म्हशी आल्या आणि पुढे बहुतेक सगळे ओस पडले. गवत मात्र आजही ट्रकने मुंबईलाच जाते. काकांनी तेवढ्यात पहिला आणि एकमेव प्रश्न विचारला.

"तुमच्या पुण्यात दूध काय भावाना?"

मी सांगितले. काकांनी भाऱ्यांकडे पाहिले. ओठ हलत होते. एक भारा, एक म्हैस, किती लिटर, असा काही हिशेब चालला असावा. तो दोनदा करून पाहिला. मग पुतण्याकडे वळून म्हणाले, "वखारवाल्याला सांग, या भावाना नाय देत. आन् उद्या लवकर ये कापायला, वरचा गवत अजून उभाच हाय."